शंका-समाधान : सैतानाला हसावे, ललकारावे की नुसते अडवावे?

मागच्या अंकात बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रातील 4:7 (चौथा अध्याय, सातवे वचन) या वचनावर चिंतन छापले होते. देवाच्या अधीन व्हा, सैतानाला अडवा, म्हणजे तो पळून जाईल, असा त्या वचनाचा आशय. त्यानंतर बरीच पत्रे आली, कॅथलिक धर्मग्रामांतून आली तशी प्रोटेस्टंट मंडळ्यांतूनही आली. त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या प्रार्थनासभेत शेवटची दहा-पंधरा मिनिटे माईकवरून सैतानाला ललकारण्यात जातात. 'तुला पायाखाली तुडवतो, तुझी लायकी काय' असे पुढारी ओरडतात आणि लोक टाळ्या वाजवतात. यहूदाच्या पत्रात तर आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा सैतानाला शिवी देत नाही. दुसरीकडे, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर सैतानाची टिंगल करत असे, असेही वाचले आहे. मग योग्य काय?
— एक वाचक, अहिल्यानगर

यहूदाच्या पत्रातील आठ ते दहा ही वचने एकत्र वाचावीत. मोशेच्या मृत शरीरावरून सैतानाशी वाद चालू असताना मीखाएल स्वतःच्या अधिकारावर एक शब्दही बोलत नाही. 'प्रभू तुला धमकावो' एवढेच म्हणतो आणि निवाडा देवावर सोपवतो. हेच शब्द जुन्या करारातील जखऱ्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आधी येऊन गेले आहेत. तेथे मुख्य याजक यहोशवा मळकी वस्त्रे घालून उभा आहे आणि सैतान त्याच्या उजव्या हाताला उभा राहून आरोप करतो आहे. आरोप खोटा नाही, वस्त्रे खरोखरच मळकी आहेत. परमेश्वर आरोप करणाऱ्याला धमकावतो आणि लगेच यहोशवाला स्वच्छ वस्त्रे नेसवतो. यहोशवा स्वतः सैतानाशी काहीच बोलत नाही. तुमच्या पुढाऱ्यांना हा अध्याय एकदा सभेत मोठ्याने वाचायला सांगा.

आता ल्यूथर. वार्टबुर्गच्या किल्ल्यात त्याने सैतानावर शाईची दौत फेकली, ही गोष्ट दंतकथा आहे. ती त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने रूढ झाली आणि भिंतीवरचा डाग पर्यटकांसाठी पुनःपुन्हा रंगवला गेला. त्याची खरी भूमिका त्याच्या पत्रांत सापडते. 1530 मध्ये कोबुर्गच्या किल्ल्यातून त्याने हिरोनिमस वेलर याला लिहिले. वेलर ल्यूथरच्या घरी मुलांना शिकवत असे आणि खोल उदासीनतेने ग्रासलेला होता. ल्यूथर त्याला सांगतो की एकटा राहू नकोस, माणसांत मिसळ, थट्टामस्करी कर, खेळ. आणि सैतान पापांची यादी समोर धरील तेव्हा वाद न घालता कबूल कर की होय, मी मरणाला आणि नरकाला पात्र आहे, पण त्याने काय होते? माझ्यासाठी ज्याने दुःख सोसले आणि भरपाई केली त्या येशू ख्रिस्ताला मी ओळखतो, तो जेथे आहे तेथे मी असेन.

ही टिंगल नीट पाहिली तर तिच्यात स्वतःच्या बळाची बढाई कोठेच नाही. आरोप मान्य केला आहे, फक्त त्याची धार ख्रिस्ताने आधीच काढून घेतली आहे. म्हणून मीखाएलचे मौन आणि ल्यूथरचे हसू यांत आम्हांला विरोध दिसत नाही, दोघेही निवाडा दुसऱ्याच्या हाती देतात. तुमच्या सभेत जे चालते त्यात मात्र 'मी तुडवतो' हा 'मी' फार मोठा झाला आहे. याकोबाने 4:7 च्या आधीच्याच वचनात सांगितले आहे की देव गर्विष्ठांना विरोध करतो. गर्वाने सैतानाला ललकारणारा माणूस त्याच क्षणी सैतानाच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिसातील स्किवाच्या सात मुलांचे असेच झाले. पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने आम्ही आज्ञा करतो, असे उसने वाक्य त्यांनी भूत काढायला वापरले आणि त्या भूतबाधित माणसाच्या हातून उघडेनागडे, जखमी होऊन घराबाहेर पळाले. नाव बरोबर होते, पण अधीन होण्याची पहिली पायरी त्यांनी गाळली होती.

ल्यूथरचे दुसरे अंगही सांगायला हवे. सैतानासाठी वापरलेली तिखट जीभ पुढे माणसांवर चालली. पोप, विरोधक आणि 1543 च्या पुस्तकात यहुदी लोक यांना त्याने सैतानाचे हस्तक ठरवले, आणि त्या लेखनाचे दुष्परिणाम शतकानुशतके झाले. आज सैतानाला शिव्या घालणारी सभा उद्या शेजारच्या वस्तीला, दुसऱ्या धर्माच्या माणसाला किंवा घरातल्या सुनेला 'सैतानी' म्हणू लागते. ललकारीचा खरा धोका आम्हांला येथे दिसतो.

सभेसाठी सुचवण्यासारखे असे : प्रार्थना देवाला उद्देशून करावी. पापकबुली दोन-तीन मिनिटे शांतपणे व्हावी. मग सैतानाचा आणि त्याच्या कामांचा त्याग सर्वांनी एकदाच, साध्या आवाजात म्हणावा आणि प्रभूची प्रार्थना म्हणावी. 'आम्हांला वाइटापासून सोडव' ही विनंती तिच्यात आहेच. उरलेला वेळ स्तुतिगीताला द्यावा. भुते आपल्याला वश होतात म्हणून बहात्तर शिष्य आनंदाने परतले, तेव्हा प्रभूने त्यांचा आनंद तुमची नावे स्वर्गात लिहिली आहेत याकडे वळवला होता (लूक 10:20). काही हस्तलिखितांत ही संख्या सत्तर आहे.

प्रश्न : प्रार्थनेला बसले की मनात घाणेरडे, कधी देवाची निंदा करणारे विचार येतात. जितके झटकावे तितके वाढतात. सैतानाला 'अडवायचे' म्हणजे नेमके काय करायचे?
— एक वाचक, वसई

आधी एक गोष्ट पक्की धरा. विचार मनात येणे आणि त्याला संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नको असलेला विचार येऊन त्रास देतो याचाच अर्थ तुमची संमती नाही.

प्रभूने अरण्यात काय केले ते पाहा (मत्तय 4). तीन मोह, तीन उत्तरे, तिन्ही जुन्या करारातील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून आणि प्रत्येक उत्तर एका-दोन वाक्यांचे. सैतान 91 वे स्तोत्र उद्धृत करतो, तेव्हा प्रभू त्या स्तोत्राच्या अर्थावर चर्चा करत बसत नाही. उलट उत्पत्ती 3 मध्ये हव्वा संभाषणात उतरते, देवाने न सांगितलेली 'स्पर्शही करू नका' ही भर घालते आणि तेथून घसरण सुरू होते. म्हणून लांब वाद टाळावा, छोटे उत्तर द्यावे आणि उठून पुढच्या कामाला लागावे.

ही पद्धत मिसरच्या वाळवंटातील संन्याशांनी बारकाईने बसवली होती. 399 मध्ये वारलेला एवाग्रियस याने मोहांचे आठ प्रकार मांडले : खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, लोकांकडून वाहवा मिळवण्याची हाव आणि गर्व. प्रत्येकासाठी बायबलमधील वचने निवडून त्याने जवळजवळ पाचशे उत्तरे एका पुस्तकात दिली. तुम्हांला पाचशे नकोत. आपल्याला नेहमी कोणते दोन मोह पकडतात ते ओळखा आणि प्रत्येकासाठी एकच वचन पाठ करा. दोषी वाटणे पाठ सोडत नसेल तर रोम 8:1, भीतीसाठी स्तोत्र 27:1, रागासाठी याकोब 1:19-20, लोभासाठी इब्री 13:5, खिन्नतेसाठी स्तोत्र 42:5, गर्वासाठी 1 करिंथ 4:7. वचन मोह येण्याआधी पाठ हवे. मोह आल्यावर बायबल चाळायला घेतले तर उशीर झालेला असतो.

विचार आला की त्याला मनातल्या मनात नाव द्या, 'हा राग', 'ही भीती'. वचन एकदा, जमल्यास ओठांनी म्हणा. मग शरीर हलवा. जागेवरून उठा, दिवा लावा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, भांडी घासायला घ्या. रात्री एकट्याने मोबाईल हातात घेऊन मोहाशी झुंज देणारे बहुतेक हरतात, आणि त्यात विश्वास कमी पडला असे नसते, जागा चुकलेली असते.

जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस याचे तीन नियम येथे फार कामाचे आहेत. त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातला पाचवा नियम सांगतो की मन उदास, कोरडे असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. तेरावा सांगतो की शत्रूला, म्हणजे सैतानाला, गुप्तता हवी असते, म्हणून त्याच्या सूचना अनुभवी धर्मगुरूला किंवा विश्वासू माणसाला उघड सांगाव्यात. चौदावा सांगतो की सेनापती किल्ल्याची सर्वांत कच्ची बाजू शोधतो, तसा तो आपली कच्ची बाजू शोधतो, तेव्हा ती बाजू आधी आपणच शोधावी. तेरावा नियम पाळायला सर्वांत अवघड आणि सर्वांत परिणामकारक आहे. कित्येक मोह दुसऱ्या माणसासमोर उच्चारताच अर्धे होतात.

निंदेच्या विचारांबाबत येथे एक वेगळी काळजी घ्यावी. त्यांना झटकण्याचा जोर लावला की ते वाढतात हे तुम्ही स्वतःच अनुभवले आहे. त्यांना महत्त्व न देता प्रार्थना आहे तशी पुढे चालू ठेवा, मध्येच थांबून पहिल्यापासून सुरू करू नका. स्पेनमधील संन्यासिनी आविलाची संत तेरेसा (1515-1582) आत्मचरित्राच्या पंचविसाव्या अध्यायात सैतानांना सरळ अंगठा दाखवते आणि म्हणते की सैतानापेक्षा मला सैतानाला फार घाबरणाऱ्यांचीच जास्त भीती वाटते. तिरस्काराचे हसू नेमके येथे उपयोगी पडते : येऊ दे तो विचार, मी माझे स्तोत्र म्हणते.

पण तेच वचन वीस वेळा म्हणावे लागत असेल, हात धुणे, क्रूसाची खूण करणे किंवा पापनिवेदन पुनःपुन्हा करावेसे वाटत असेल, यात रोज तासाभराहून अधिक वेळ जात असेल किंवा कामधंदा अडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. हा ओळखीचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी जास्त उपवास, जास्त प्रार्थना हा सल्ला आजार वाढवतो. धर्मगुरूही एकच ठेवा. पाच जणांना विचारलेत तर पाच उत्तरे मिळतील आणि शंका तेवढीच राहील.

प्रश्न : संत बेनेडिक्टचे पदक गळ्यात घातले आणि पवित्र पाणी शिंपडले की सैतान घरात येत नाही, असे सांगतात. हा ताईतच नाही का?
— एक वाचक, मडगाव

ताईत म्हणून घातले तर ताईतच होतो, कॅथलिक चर्चलाही ते मान्य नाही. वस्तू स्वतः काही करत नाही. ती चर्चच्या प्रार्थनेशी आणि घालणाऱ्याच्या विश्वासाशी जोडलेली आहे. पदकावर कडेने लॅटिन अक्षरे असतात. 1647 मध्ये बव्हेरियातील मेटन मठात त्यांचा उलगडा 1415 च्या एका हस्तलिखितावरून झाला आणि 1742 मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी पदकाला मान्यता दिली. अक्षरांचा अर्थ असा : सैताना, मागे हो, पोकळ गोष्टी मला सुचवू नकोस, तू देतोस ते वाईट आहे, ते विष तूच पी. तुमच्या गळ्यात पदक असेल तर हे शब्द पाठ असले पाहिजेत, आणि मोहाच्या वेळी ते आठवले तर पदकाचे काम झाले. पवित्र पाण्याबद्दल तेरेसाने स्वतःच्या अनुभवाने फार आदराने लिहिले आहे. मात्र त्या पाण्याचा संबंध बाप्तिस्म्याशी आहे. दारात बोट बुडवून क्रूसाची खूण करताना बाप्तिस्म्यात केलेला सैतानाचा त्याग आठवावा. बाटल्या भरून औषधासारखे पिणे, पिकावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर ओतणे, हे सोडून द्यावे. प्रोटेस्टंट वाचकांनी पदकाऐवजी तेच वाक्य मनात ठेवले तरी चालेल.

प्रश्न : नाताळच्या नाटकात तरुण मुलांनी सैतानाचे विनोदी पात्र घेतले आहे. वडीलधारे म्हणतात, सैतान हा थट्टेचा विषय नाही. संहिता बदलावी का?
— युवक संघाचे कार्यकर्ते, नाशिक

पात्र ठेवा, संहिता मात्र तपासा. सैतानाला रंगमंचावर हसण्याची परंपरा जुनी आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शहरांतील कारागिरांच्या संघांनी बसवलेल्या बायबल-नाटकांत सैतान गडगडाट करत येतो आणि फजीत होऊन जातो. त्याआधी कितीतरी, प्राचीन धर्माचार्य योहान क्रिसोस्तोमच्या नावाने चालत आलेल्या पुनरुत्थानाच्या प्रवचनात अधोलोकाची थट्टा झाली असे वाक्य आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ते प्रवचन आजही त्या सणाच्या रात्री वाचतात. या सर्वांच्या मुळाशी कलस्सै 2:15 आहे : ख्रिस्ताने क्रूसावर सत्तांना निःशस्त्र केले, त्यांचे उघड प्रदर्शन केले आणि विजययात्रा काढली. चौथ्या शतकातील अथानासियसने लिहिलेल्या चरित्रात संत अँथनी संन्याशांना सांगतो की ही भुते रंगमंचावरच्या नटांसारखी रूपे बदलून मुलांना घाबरवतात, ईयोबाला छळायला आणि डुकरांत शिरायलाही त्यांना परवानगी मागावी लागली होती.

तेव्हा विनोद त्याच्या फुशारकीवर आणि तिच्या फजितीवर बेतावा. तो फुगून बोलतो आणि गव्हाणीतल्या बाळापुढे त्याचा प्रत्येक बेत फसतो, एवढे पुरे. चुका होतात त्या अशा. सर्वांत चटकदार संवाद सैतानाला दिले जातात आणि प्रेक्षक घरी जाताना त्याचेच संवाद म्हणत जातात. मोहात पडलेली माणसे, दारूडा नवरा, रडणारी बाई, हसण्याचा विषय होतात. आणि सैतानाला काळा रंग फासला जातो किंवा दुसऱ्या धर्माच्या माणसाचा वेष चढवला जातो. शेवटची चूक अक्षम्य माना. मध्ययुगीन ख्रिस्ती कलेत यहुद्यांना शिंगे काढली गेली आणि त्या चित्रांची किंमत हाडामांसाच्या माणसांनी मोजली. वेष अगदी वेगळा ठेवा. भपकेबाज, कोठे कोठे फाटलेला राजाचा अंगरखा आणि वेडावाकडा मुकुट चांगला दिसेल. खरे मंत्र, तंत्रातली चिन्हे वापरू नका. चाळीस मिनिटांच्या नाटकात सैतान एकूण सहा-सात मिनिटांहून जास्त दिसू नये.

लिहिणाऱ्यासाठीही एक सूचना. सी. एस. लुईस यांनी 1942 मध्ये एका वरिष्ठ सैतानाची पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुस्तक गाजले, पण सैतानाच्या डोक्याने विचार करत राहणे आपल्याला गुदमरवणारे होते, असे त्यांनी नंतर नोंदवले. एकाच मुलाने सगळे संवाद लिहू नयेत, आणि तालमीची सुरुवात प्रार्थनेने करावी.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला आवाज ऐकू येतात. सासरचे तिला भूत काढण्याच्या एका 'सुटका सेवे'त नेतात. तेथे तिला तीन-तीन दिवस उपाशी ठेवतात, धरून ठेवून थपडा मारतात, औषधे बंद करायला लावली आहेत. बोलले तर विश्वास कमी आहे म्हणतात. काय करावे?
— एक भगिनी, पुणे

ताई, वाट पाहू नका. मारहाण चालू असेल तर 112 वर फोन करा. औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच कळवा, कारण ती एकदम बंद केल्याने प्रकृती ढासळू शकते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मोफत सेवेचा क्रमांक 14416 आहे, मराठीतही बोलता येते.

महाराष्ट्रात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे किंवा मारहाण करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. करणारा कोणत्या धर्माचा हे कायदा पाहत नाही. ठाण्यात जाताना जखमांचे फोटो, डॉक्टरांचे कागद आणि तारखा लिहिलेली वही सोबत ठेवा.

विश्वासाच्या बाजूने सासरच्यांना सांगायचे ते असे. कॅथलिक चर्चच्या कायद्यातील 1172 व्या कलमानुसार बिशपांनी स्पष्ट परवानगी दिलेल्या धर्मगुरूशिवाय कोणीही भूतबाधित माणसावर भूत काढण्याचा विधी करू शकत नाही. अशा सभांत भुतांना प्रश्न विचारून त्यांची नावे काढून घेण्यालाही रोमने 1985 मध्ये मनाई केली. चर्च ऑफ इंग्लंडने 1975 मध्ये पाच अटी घातल्या : वैद्यकीय मदतीसोबत, प्रार्थना व संस्कारांच्या चौकटीत, शक्य तितक्या गुपचूप, बिशपांनी नेमलेल्या अनुभवी माणसाकडून, आणि नंतरही आध्यात्मिक आधार चालू ठेवून. तुमच्या बहिणीच्या बाबतीत यांतली एक तरी अट पाळली जाते का, हे विचारा. अटी मोडल्या की काय होते ते जर्मनीतील क्लिंगेनबर्गने पाहिले. तेथे 1976 मध्ये तेवीस वर्षांची तरुणी सदुसष्ट विधींनंतर उपासमारीने मेली. आईवडील आणि दोन धर्मगुरू न्यायालयात दोषी ठरले. आणि तेथे तर बिशपांची परवानगीही होती.

बहिणीला मात्र एक सांगा : आवाज ऐकू येणे हे पाप नाही, तिने कोणाला दार उघडून दिले म्हणून हे झाले असेही नाही. तिच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांनी तिच्याशेजारी बसून, हलक्या आवाजात, पाच-दहा मिनिटे करावी. तिला खायला घालून, आणि गोळ्या घेतल्या का ते पाहून.

प्रश्न : येत्या महिन्यात एका बाप्तिस्म्यात मी धर्मपिता होणार आहे. 'सैतानाचा त्याग करता का' याला होय म्हणायचे, पण त्याचा रोज अर्थ काय?
— एक वाचक, पालघर

पूर्वेकडच्या चर्चमध्ये हा त्याग अंगाने करतात. बाप्तिस्मा घेणारा पश्चिमेकडे, मावळतीकडे, तोंड करून तीनदा त्याग म्हणतो, त्या दिशेला फुंकर मारून थुंकतो आणि मग पूर्वेला वळून ख्रिस्ताशी जोडला जातो. पश्चिमेकडे तोंड करण्याची रीत चौथ्या शतकात जेरूसलेमच्या सिरिलच्या शिकवणुकीतही आढळते. आपल्याकडे थुंकणे नाही, पण वळणे आहे. होय म्हणण्याआधी घरी बसून तीन गोष्टी कागदावर लिहा : कोणत्या खोट्याचा त्याग करतो, कोणाशी अबोला आहे तो मोडतो, कोणते व्यसन किंवा हिशेबातली लबाडी सोडतो. अबोल्याची गोष्ट आधी हाती घ्या. सूर्य मावळेपर्यंत राग राहू देऊ नका आणि सैतानाला जागा देऊ नका, ही दोन्ही वाक्ये पौलाने इफिस 4:26-27 मध्ये एकापाठोपाठ ठेवली आहेत. त्या माणसाला विधीच्या आधी फोन करा.